जीभ कुठे ठेवायची?

‘ओरोफेशियल मायॉलॉजी’ हे नाव वाचून घाबरू नका मंडळी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते एखाद्या औषधाचं नाव वाटलं होतं. सोपा अर्थ असा, की ओठ, गाल, जीभ आणि जबडा यांच्या स्नायूंना चांगलं वळण लावायचं. तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायचा, जीभ वर टाळूला टेकलेली ठेवायची, गिळताना ती पुढच्या दातांवर ढकलायची नाही. ऐकायला एवढंच. पण हे शिकवायचं कुणी, किती दिवस, आणि उपयोग होतो याला पुरावा काय, या तीन प्रश्नांवर शंभर वर्षं वाद चालला आहे.

आमच्या घरात हा विषय आला नातीमुळे. वय वर्षे नऊ. तिचे वरचे-खालचे पुढचे दात मिटत नाहीत, मधे फट राहते, आणि ‘स’ म्हणताना जीभ त्या फटीतून डोकावते. वर्गात मुलं हसतात म्हणून आता ती हात वर करायची थांबली आहे. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तारा लावण्याआधी जिभेचे व्यायाम करून घ्या. मुलगा म्हणतो, “बाबा, हे नवीन फॅड आहे.” सूनबाई म्हणते करून बघू. आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे कुणी ‘नवीन’ म्हटलं की ते किती जुनं आहे हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तर सुरुवात एका चित्रकारापासून. जॉर्ज कॅटलिन हा अमेरिकन चित्रकार १८३० च्या दशकात तिथल्या मूळ रहिवाशांची चित्रं काढत हिंडला. त्याने पाहिलं, की तिथल्या आया झोपलेल्या बाळाचे ओठ हलकेच मिटवतात. पुढे १८६० च्या दशकात त्याने तोंडाने श्वास घेण्याच्या दुष्परिणामांवर एक पुस्तकच लिहिलं. तो काही वैद्य नव्हता आणि त्याचे दावे बरेच फुगवलेले होते, पण निरीक्षण जागरूक होतं. आधुनिक दंतरचनाशास्त्राचे जनक मानले जाणारे एडवर्ड अँगल यांनीही वेड्यावाकड्या दातांच्या कारणांमध्ये तोंडाने श्वास घेण्याला मोठं स्थान दिलं.

खरा आरंभ १९१८ चा. अल्फ्रेड रॉजर्स या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टने चेहऱ्याच्या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की स्नायू ही जिवंत साधनंच आहेत, तारांइतकंच त्यांच्याकडूनही काम करून घेता येईल. कल्पना सुरेख. अडचण कुठे आहे हे मात्र कुठलाही शिक्षक सांगेल. तार रात्रंदिवस आपलं काम करते. व्यायाम हा गृहपाठ आहे, आणि गृहपाठ न करण्याची हजार कारणं मुलांकडे तयार असतात.

मग १९६० ते ६२ मध्ये वॉल्टर स्ट्रॉब यांची जिभेच्या चुकीच्या हालचालींवरची लेखमाला आली. दोष त्यांनी बराचसा बाटलीने दूध पाजण्याला दिला. जीभ पुढे ढकलून गिळण्याची सवय मोडायची, अशी लाटच आली. १९७२ मध्ये या उपचारकांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. दंतवैद्य, वाचा-उपचारक, दात साफ करणारे सहायक, सगळेच हे शिकवू लागले. प्रत्येकाची पद्धत निराळी!

साहजिकच कुणीतरी विचारलं, पुरावा कुठे आहे? १९७५ च्या सुमारास दंतवैद्यक आणि वाचा-उपचार या दोन क्षेत्रांच्या संयुक्त समितीने जाहीर केलं, की या उपचाराला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. त्याच दशकात विल्यम प्रॉफिट यांनी सोप्या हिशेबाने मुळालाच हात घातला. माणूस दिवसात फार तर हजार वेळा गिळतो, दर वेळी दातांवर दाब येतो तो सेकंदभर. म्हणजे चोवीस तासांत जेमतेम सतरा मिनिटं. तेवढ्याने दात सरकत नाहीत. सरकतात ते उरलेला सगळा वेळ जीभ जिथे पडून असते, त्या हलक्या पण सततच्या दाबाने.

मला या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. टीकेमुळे उपचार मेला नाही, शहाणा झाला. केवळ ‘कसं गिळता’ यावरचा भर ‘एरवी जीभ कुठे असते’ याकडे वळला. तिची जागा वरच्या पुढच्या दातांच्या लगेच मागे, टाळूच्या उंचवट्यावर. आपण वर्णमाला शिकवताना कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य अशा जिभेच्या जागा सांगतो. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च म्हणून पाहा, जीभ किती बारीक सरकते ते कळेल. (यावरून ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ असा निष्कर्ष कृपया काढू नका. जागा सांगणं वेगळं आणि दातांवर उपचार वेगळा.)

१९९१ मध्ये अमेरिकेच्या वाचा-उपचारकांच्या संघटनेने योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांचं हे काम असल्याचं मान्य केलं. २००९ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत झोपेत श्वास अडकणाऱ्या ३१ रुग्णांवर प्रयोग झाला. तीन महिने रोज व्यायाम करणाऱ्यांचा त्रास सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. बरा नव्हे, कमी. हा फरक लक्षात ठेवावा.

आता घरातल्या प्रश्नांकडे वळतो. कुणी शिकवावं? आपल्याकडे वाचा-उपचारकाची नोंदणी १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ती आहे का, आणि या कामाचं वेगळं प्रशिक्षण घेतलं आहे का, हे विचारायला संकोच नको. आधी काय? आधी नाक. टॉन्सिल किंवा अ‍ॅडेनॉइड वाढून नाक बंद असेल तर ‘तोंड मीट’ म्हणून मुलाला दटावणं हा अन्याय आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. किती दिवस? काही महिने, आणि रोज. आठवड्यातून एकदा दवाखान्यात जाऊन पाढे पाठ होत नाहीत. तारा टळतील का? तसं वचन कुणी देत असेल तर सावध राहावं. तारा काढल्यावर दात पुन्हा मूळ जागी जाऊ नयेत म्हणून मदत व्हावी, एवढी अपेक्षा रास्त.

म्हणजे मुलाचं ‘फॅड’ हे म्हणणं खरं नाही, आणि ‘जादू’ म्हणणाऱ्यांचंही नाही. असो. सवय लावणं हे शेवटी शिकवण्याचंच काम. त्यात यश येतं ते रोज शेजारी बसणाऱ्या माणसामुळे, आणि ती जबाबदारी घरातल्यांचीच. तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे व्यायाम नेटाने झाले असतील तर मूल कशाने टिकलं, तेवढं जरूर कळवा.