पिवळ्या रंगाच्या दोन बोटी

मी नाशिकचा. सैन्य म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर देवळालीचा तोफखाना येतो. नौदल म्हणजे कसारा घाट उतरून मुंबईला गेल्यावर दिसणारी गोष्ट. पण आपली गोदावरी जाते बंगालच्या उपसागराला, आणि त्याच उपसागराच्या वरच्या टोकाला, नद्यांच्या जाळ्यात, एका मराठी अधिकाऱ्याने महावीरचक्र मिळवलं. मोहन नारायणराव सामंत.

सामंत मूळचे पाणबुडीवाले. 1969 साली सोव्हिएत युनियनकडून घेतलेल्या 'करंज'चे ते पहिले कप्तान. दोनच वर्षांत त्यांच्याकडे भलतंच काम आलं. पूर्व पाकिस्तानातून पळून आलेल्या बंगाली पोरांना पाणसुरुंग लावायला शिकवायचं. छावणी पलाशीला, भागीरथीच्या काठी. हो, 1757 च्या लढाईचीच पलाशी! पोरं नद्यांच्या मुलखातली, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. छातीला गमछ्याने सुरुंग बांधायचा, रात्री पोहत जाऊन जहाजाच्या बुडाला चिकटवायचा आणि स्फोटाआधी लांब निघायचं. 15 ऑगस्ट 1971 च्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथे एकाच वेळी जहाजं फुटली. इशारा होता आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरचं ठरलेलं गाणं. युद्ध अजून जाहीर झालेलं नव्हतं, त्यामुळे भारताचं नाव कुठेच येऊन चालणार नव्हतं.

डिसेंबरात युद्ध उघड झालं आणि सामंत स्वतः नदीत उतरले. 'पद्मा' आणि 'पलाश' या मुक्तिवाहिनीच्या दोन बोटी. मूळच्या कलकत्ता बंदराच्या, वर तोफा बसवून लढाऊ केलेल्या. सोबत आपली 'पनवेल'. मोंगला घेऊन 10 डिसेंबरला हा छोटासा ताफा खुलन्याकडे निघाला.

वर विमानं दिसली. आपलीच. ओळख पटावी म्हणून बोटींचे वरचे भाग पिवळे रंगवलेले होते. गोळी झाडू नका, असा हुकूम सामंतांनी दिला. विमानं वळली आणि त्यांनी बॉम्ब टाकले. 'पद्मा' आणि 'पलाश' दोन्ही बुडाल्या. 'पलाश'च्या इंजिनाची जबाबदारी असलेले रुहुल अमीन त्या दिवशी गेले. बांगलादेशाचा सर्वोच्च सन्मान 'बीरश्रेष्ठ' मिळालेल्या सात जणांत ते आहेत.

मला या माणसाचं मोठेपण सुरुंगांपेक्षा त्यानंतरच्या काही तासांत दिसतं. आपलाच हुकूम आपल्याच माणसांवर उलटलेला, काठावर शत्रू. तरी त्यांनी पाण्यातली माणसं वेचली, ती कैदेत पडू दिली नाहीत.

पुढे ही मोहीम कित्येक दशकं गुप्तच राहिली. सामंत मार्च 2019 मध्ये गेले. संदीप उन्नीथन यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं 'ऑपरेशन एक्स' त्याच वर्षी बाजारात आलं. 10 मार्च 2021 रोजी मुंबईत नवी 'करंज' नौदलात दाखल झाली.

माझे आजोबा तोफखान्यात होते. एकाहत्तरच्या युद्धाच्या गोष्टी त्यांनी आम्हाला पुष्कळ सांगितल्या, पण सामंतांचं नाव त्यांनीही ऐकलं नव्हतं. मी फोनवरून त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि पिवळा रंग? तो दिसला नाही का रे त्यांना?"