एकट्या घराची राखण : ज्येष्ठ नागरिकांची सुरक्षितता

सकाळी अकराच्या सुमारास शहरातील बहुतेक इमारती ओस पडतात. नोकरदार मंडळी कामावर गेलेली असतात, मुले शाळेत असतात, पहारेकरी फाटकाशी पेंगत असतो. अशा वेळी घरात असतात ते प्रामुख्याने साठी ओलांडलेले रहिवासी. मुले परगावी किंवा परदेशी असल्यामुळे पुण्याच्या पेठांत, दादर-पार्ल्याच्या जुन्या सोसायट्यांत, ठाणे-डोंबिवलीत आणि नाशिकमध्ये पती-पत्नी दोघेच, किंवा त्यांपैकी एकच, राहत असलेली घरे आता अपवाद उरलेली नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीपुढील व्यक्तींची संख्या १ कोटी ११ लाखांच्या आसपास होती. चोरट्यांना या घरांचे वेळापत्रक ठाऊक असते. ते घरात राहणाऱ्यांनाही तितकेच नेमके ठाऊक असावयास हवे.

ज्येष्ठांविरुद्धच्या गुन्ह्यांचा विचार करताना दरोडा आणि खून यांचीच आठवण आधी होते. प्रत्यक्षात मोठा भाग असतो तो फसवणुकीचा. बळाचा वापर न करता, उलट आदराने बोलून, 'आजी', 'काका' अशी हाक मारून लुबाडण्याचा. त्यातील काही क्लृप्त्या इतक्या जुन्या आहेत की त्या अजूनही कशा चालतात याचे नवल वाटावे.

तोतया पोलीस आणि 'शेठचा मुलगा'

देवदर्शनाहून किंवा बाजारातून परतणाऱ्या वृद्धेला साध्या वेशातील इसम थांबवतो. आपण पोलीस असल्याचे सांगतो. पुढच्या चौकात लूटमार झाली आहे, एवढे दागिने घालून कशाला फिरता, ते काढून पिशवीत ठेवा, असे दरडावतो. तेवढ्यात दुसरा एक 'वाटसरू' येतो. त्यालाही तसेच हटकले जाते आणि तो निमूटपणे आपली साखळी काढून कागदात बांधतो. हा दुसरा इसम अर्थातच टोळीतला. त्याचे पाहून वृद्धा बांगड्या काढते, 'पोलीस' त्या पुडीत बांधून देतो आणि घरी उघडल्यावर पुडीत खडे निघतात. दुसरी तऱ्हा दानाची : जवळच्या शेठला मुलगा झाला आहे, तो गरिबांना साड्या आणि धान्य वाटतो आहे, मात्र अंगावर सोने दिसले तर मिळणार नाही.

पहिल्या प्रकारात कायद्याविषयीचा धाक आणि दुसऱ्यात गरज, अशा दोन प्रामाणिक भावनांचा येथे व्यापार होतो. म्हणून फसलेल्या व्यक्तीला भोळसट ठरवणे अन्यायाचे आहे. उपाय साधा आहे. खरा पोलीस कोणाचेही दागिने रस्त्यात उतरवून घेत नाही, पुडी बांधून देत नाही. असे कोणी सांगू लागल्यास हात गळ्याकडे न नेता सरळ जवळच्या दुकानात शिरावे आणि दुकानदाराला ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करण्यास सांगावे. तोतया तेवढा वेळ थांबत नाही. लोकसेवक असल्याची बतावणी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली स्वतंत्र गुन्हाही आहे.

सोनसाखळी हिसकावणारे दुचाकीस्वार बहुधा मागून येतात किंवा पत्ता विचारण्याच्या निमित्ताने वेग कमी करतात. पदपथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे, पत्ता विचारणाऱ्यापासून दोन हात दूर राहून उत्तर द्यावे, पदर किंवा ओढणी गळ्याभोवती घ्यावी. आणि साखळी ओढली गेलीच तर ती धरून ठेवू नये. सत्तरीत पडल्यामुळे खुब्याचे हाड मोडले तर त्याची किंमत कोणत्याही साखळीपेक्षा अधिक असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत हिसकावून केलेल्या चोरीसाठी ३०४ हे वेगळे कलम असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

दाराच्या आत

भांडी आणि दागिने चकचकीत करून देणारे दारोदार फिरतात. आधी पितळेचा तांब्या फुकट उजळून दाखवतात, मग बांगड्या मागतात. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, म्हणजेच अम्लराजात, सोने विरघळते; बांगडी चमकते खरी, पण तिचे वजन घटते. काही वेळा दागिने हळदीच्या पाण्यात घालून डबा गॅसवर ठेवावयास सांगितले जाते. 'दहा मिनिटांनी उघडा' असे बजावून मंडळी पसार होतात आणि डब्यात केवळ हळद उरते. दागिना उजळावयाचा असेल तर ओळखीच्या सराफाकडेच जावे.

दाराला भिंग आणि साखळी असावी, बाहेरच्या बाजूने जाळीचे दार असल्यास उत्तम. वीज, गॅस किंवा केबलचा कर्मचारी म्हणून आलेल्या अनोळखी माणसाला जाळीबाहेरच उभे ठेवून संबंधित कार्यालयाला विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. मात्र त्या कार्यालयाचा क्रमांक बिलावरून घ्यावा, समोरच्या माणसाने दिलेला नव्हे. घरकामास ठेवलेल्या व्यक्तीचे छायाचित्र, ओळखपत्राची प्रत आणि मूळ गावचा पत्ता पोलीस ठाण्यात देऊन पडताळणी करून घ्यावी. याचा अर्थ प्रत्येक कामवालीकडे संशयाने पाहावे असा नाही. वृद्धांच्या अडीअडचणीला पहिल्यांदा धावून येणारी बहुधा तीच असते. कपाटात रोकड किती, किल्ली कोठे, मुलगा पैसे कधी पाठवतो, या गोष्टी मात्र तिच्यादेखत किंवा बागेतील बाकावर मोठ्याने बोलू नयेत.

सर्वांत स्वस्त सुरक्षायंत्रणा म्हणजे शेजार. दूध सकाळी आठपर्यंत दारातच राहिले किंवा वर्तमानपत्र कडीला अडकलेलेच दिसले तर बेल वाजवावयाची, एवढा करार दोन बिऱ्हाडांत झाला तरी पुष्कळ अनर्थ टळतात. केवळ चोरीच नव्हे, न्हाणीघरात पाय घसरून पडलेली व्यक्तीही तासन्‌तास कोणाला न कळता राहू शकते. घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असावी.

चोर आता दूरध्वनीवर

गेल्या काही वर्षांत चोराला जिना चढण्याचीही गरज उरलेली नाही. आपल्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, आपले आधार कार्ड काळ्या पैशांच्या प्रकरणात वापरले गेले, असे सांगून व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशातील माणूस 'डिजिटल अटक' करतो. दार लावून घ्या, कॅमेऱ्यासमोरून उठू नका, मुलांनाही सांगू नका, अशी ताकीद दिली जाते. मग पडताळणीसाठी ठेव मोडून रक्कम 'सरकारी' खात्यात भरावयास लावतात. निवृत्तीवेतनावर जगणाऱ्यांची जन्मभराची पुंजी याच मार्गाने गेल्याच्या घटना घडल्या आहेत. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितले होते. 'कोणालाही सांगू नका' हे वाक्य ऐकताच फोन ठेवून पहिल्या माणसाला सांगावे.

नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्याच्या नावाखालीही असे फोन येतात. दाखला बँकेत जाऊन किंवा जीवन प्रमाण सुविधेद्वारे देता येतो. त्यासाठी दूरध्वनीवर ओटीपी सांगावा लागत नाही. अनोळखी व्यक्तीने संदेशातून पाठवलेले ॲप मोबाइलमध्ये कधीही उतरवून घेऊ नये.

पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता असते, म्हणून येथे तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याने केलेल्या अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहाराची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास नुकसानीची जबाबदारी ग्राहकावर राहत नाही, असे ठरवून दिले. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे.

कायद्याचा आधार

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा २००७ मध्ये संमत झाला आणि महाराष्ट्राने त्याखालील नियम २०१० मध्ये केले. कलम २२ अन्वये ज्येष्ठांच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण हा शासनाने आखावयाच्या उपायांचा भाग आहे. त्यामुळे एकट्या राहणाऱ्यांनी जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन आपले नाव नोंदवून घेण्यात संकोच करू नये. ते जमत नसल्यास स्थानिक ज्येष्ठ नागरिक संघाच्या मदतीने ही नोंद करता येईल. त्रास, उपेक्षा किंवा केवळ सल्ला हवा असल्यास १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

धोका परक्याकडूनच असतो असेही नाही, ही अप्रिय गोष्ट नोंदवावीच लागते. राहते घर मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावे करताना 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावेत. अट मोडल्यास कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतर रद्द करून घेता येते. वृद्धाला वाऱ्यावर सोडून देणे हा याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे गुन्हा आहे.

फसवले गेल्याची लाज वाटून अनेक ज्येष्ठ तक्रारच करीत नाहीत. मुले रागावतील, व्यवहार हातातून काढून घेतील, ही भीती खरी असते; मुलांनीही ती ओळखून आधी धीर द्यावा. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. साक्षीदार म्हणून जबाब द्यावयाचा असल्यास साठ वर्षांवरील पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला राहत्या जागेऐवजी अन्यत्र हजर राहण्याची सक्ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे करता येत नाही. तक्रारीसोबत दागिन्यांच्या पावत्या आणि छायाचित्रे जोडली तर ओळख पटवणे सोपे जाते. ती कागदपत्रे दागिन्यांच्याच कपाटात न ठेवता निराळी ठेवावीत.