मेरुरज्जुदाह

पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूला दाहयुक्त सूज येऊन मेंदू व शरीर यांच्यातील संदेशवहन खंडित होण्याचा विकार. काही तासांपासून तीन आठवड्यांपर्यंतच्या अवधीत पाय लुळे पडतात, एका ठरावीक रेषेखाली अंग बधिर होते, लघवी तुंबते. पोटाला पट्टा आवळल्यासारखे वाटते, असे अनेक रुग्ण सांगतात.

नागीण, डेंगी, चिकुनगुन्या, क्षय, उपदंश, एचआयव्ही हे संसर्ग याला कारण ठरतात. पुष्कळदा ताप उतरून आठवडा-दोन आठवडे झाल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती चेतातंतूंच्या मायलिन आवरणावरच उलटते. मल्टिपल स्क्लेरोसिस, ल्युपस व न्यूरोमायलायटिस ऑप्टिका यांतही प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. यांपैकी शेवटच्या विकाराचे प्रतिपिंड 2004 मध्ये सापडल्यापासून तो रक्ततपासणीत ओळखता येऊ लागला.

भारतात एक कारण लशीतूनच आले. डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत 1911 मध्ये तयार केलेली रेबीजची लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. कुत्रे चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने ती हीच. तिच्यातील मायलिनमुळे काहींना पक्षाघात होई. 2004 च्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले. आजच्या लशीत मेंदूची ऊती नसते. त्या जुन्या धास्तीने लस टाळणे जिवावर बेतते.

निदानात सर्वप्रथम मेरुरज्जूवर दाब नाही ना, हे पाहतात. मणक्याचा क्षय, सरकलेली चकती व गाठ यांची लक्षणे अशीच असतात. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता आणि लाखेच्या डाळीने येणारा पांगळेपणाही वगळावा लागतो. डॉक्टर टाचणी टोचत पायापासून वर जातात. टोचणे नीट कळू लागते ती पातळी नोंदवतात. बेंबीची पातळी छातीच्या दहाव्या चेतेची असते. मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपत असल्याने नुसत्या कमरेच्या एमआरआयमध्ये आजार निसटू शकतो. संपूर्ण कण्याचा, शक्यतो कॉन्ट्रास्टसह, एमआरआय आणि दाब नसल्याची खात्री झाल्यावर मणक्यातील पाण्याची तपासणी, हा खरा क्रम.

निदान हुकण्याच्या धोक्याचे एक उदाहरण म्हणजे बऱ्हाणपूर, यंत्रमागांचे शहर. पाठ-कंबरदुखी इथे रोजचीच, म्हणून पायांतला बधिरपणाही त्याच खात्यात जमा होण्याचा धोका मोठा. मोठ्या तपासणीसाठी जळगाव किंवा सुमारे 180 किलोमीटरवरचे इंदूर गाठायचे असेल, तर तुंबलेली लघवी नळीने मोकळी करूनच रुग्णाला हलवावे. पाय जड होणे व लघवी अडणे एकत्र दिसले, तर मालिश-शेक करत दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.