सोनेरी महाल

सोनेरी महाल : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील सतराव्या शतकातील मोगलकालीन सरदारी वास्तू, सध्या महाराष्ट्र शासनाचे पुरातत्त्वीय वस्तुसंग्रहालय. जुन्या तटबंदीबाहेर, पहाडसिंगपुऱ्यात, औरंगाबाद लेण्यांच्या डोंगरपायथ्याशी ही वास्तू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ शेजारी आणि बीबी का मकबरा जवळच. मकबऱ्याला मात्र गर्दी लोटते आणि महालाच्या अंगणात सहसा शुकशुकाट असतो.

पहाडसिंगपुरा हे नावच महालाच्या कर्त्याकडे बोट दाखवते. मोगलांच्या पदरी असलेले राजपूत सरदार दख्खनमध्ये आले, तेव्हा त्यांच्या छावण्यांभोवती शहराबाहेर वस्त्या वसल्या आणि त्यांना त्या त्या सरदाराचे नाव मिळाले. बिकानेरच्या करणसिंहावरून कर्णपुरा, त्याचा मुलगा पदमसिंह याच्यावरून पदमपुरा. कर्णपुऱ्यात नवरात्राची यात्रा आजही भरते. करणसिंह कोण, हे मात्र यात्रेकरूंपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. पहाडसिंह हा बुंदेलखंडातील ओरछाचा. औरंगजेबाबरोबर दख्खनमध्ये आलेल्या या बुंदेल्याने महाल बांधला, असे परंपरा सांगते.

या संबंधाला एक विचित्र किनार आहे. पहाडसिंहाचा बाप वीरसिंहदेव याने 1602 मध्ये शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून अकबराचा दरबारी अबुल फजल याला ठार केले आणि सलीम जहांगीर होऊन तख्तावर बसताच ओरछाची भरभराट झाली. पुढे थोरला भाऊ जुझारसिंह शाहजहानविरुद्ध उठला. 1635 मध्ये त्याच्यावर गेलेल्या मोहिमेचा नावापुरता सेनापती होता सोळा वर्षांचा औरंगजेब. ओरछा मोडले, ते या मोहिमेत. 1641 मध्ये शाहजहानने तीच गादी पहाडसिंहाला दिली आणि 1653 पर्यंत ती त्याच्याकडे होती. औरंगजेब दख्खनचा सुभेदार होता तो प्रथम 1636 ते 1644 आणि नंतर 1650 नंतरच्या दशकात. दोन्ही कालखंड जुळवून पाहिले, तर बांधकाम सतराव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचे ठरते. मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेल्या खडकीला औरंगाबाद हे नाव मिळाले, तेही 1653 च्या सुमारास.

इमारत दगड-चुन्याची असून उंच जोत्यावर उभी आहे. ओरछाचे प्रचंड महाल मनात ठेवून येणाऱ्याला ती आटोपशीर वाटेल. पण ती राजधानी नव्हती. चाकरीच्या मुलखातले ते एका मनसबदाराचे राहते घर होते. भिंतींवर एके काळी सोन्याच्या पाण्याने काढलेली चित्रे होती आणि त्यांवरून ‘सोनेरी’ हे नाव पडले, असे सांगतात. त्यामुळे नाव ऐकून आलेला माणूस आधी सोने शोधतो आणि त्याला दिसतो तो चुन्याचा गिलावा. खरे तर जोत्यावरून डोंगराकडे पाहावे. तटाबाहेरची ही जागा का निवडली असेल, ते तिथे उमगते.

महालाचे मोल ठरते ते शहरातल्या इतर राजवाड्यांच्या गतीवरून. मलिक अंबरने 1616 मध्ये नौखंडा महाल बांधला. पहिला निजाम आसफजाह पुढे तिथे राहिला. आज त्या महालाच्या थोड्याच खुणा उरल्या असून भडकल दरवाजा तेवढा दिमाखात आहे. औरंगजेबाचा किल्ले अर्क (1692) मक्का दरवाजापासून दिल्ली दरवाजापर्यंत पसरला होता. त्याच्या आवारात आता शासकीय महाविद्यालय आहे आणि जुने महाल पडझडीत आहेत. शहरात टिकून राहिलेला राजवाडा म्हणून एकट्या सोनेरी महालाचेच नाव घेतले जाते.

मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. 1956 मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. मकबरा केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तर सोनेरी महाल राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे, अशी वाटणी आहे. राज्याने महालात वस्तुसंग्रहालय केले. जुनी खापरे व भांडी, वस्त्रे आणि स्थानिक राजवाड्यांचे अवशेष इथे मांडले आहेत. पडलेल्या वाड्यांचे तुकडे उभ्या महालाच्या आश्रयाला आले, असेच म्हणायचे. खापरांच्या कपाटांपुढून लोक भराभर पुढे सरकतात, पण या संग्रहातली सर्वांत मोठी वस्तू खुद्द इमारतच आहे आणि तिच्यासाठी वेळ काढायला हवा.

महालाचे पटांगण शहराला अधिक परिचित आहे ते वेरूळ-अजिंठा महोत्सवामुळे. वेरूळच्या लेण्यांपुढे सुरू झालेला हा संगीत-नृत्याचा महोत्सव पुढे इथे आला. काही वर्षांच्या खंडानंतर फेब्रुवारी 2023 मध्ये तो पुन्हा याच पटांगणात झाला.