रूनस्केप : जुन्या खेळात नव्याने शिरताना

इंटरनेटवरील खेळांचे आयुष्य सहसा अल्प असते. आज गाजणारा खेळ चार-पाच वर्षांत विस्मरणात जातो. या नियमाला जे मोजके अपवाद आहेत, त्यांत ‘रूनस्केप’ची गणना करावी लागेल. अँड्र्यू गोवर यांनी बंधू पॉल यांच्या साहाय्याने तयार केलेला हा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम ४ जानेवारी २००१ रोजी इंग्लंडमध्ये सुरू झाला. केंब्रिज येथील ‘जॅगेक्स’ ही कंपनी तो चालविते. त्या काळी शाळेत असताना तो खेळणारी मुले आज संसाराला लागली आहेत; तरीही खेळ चालूच आहे आणि त्यात नव्या खेळाडूंची भरही पडत आहे.

मात्र इतक्या जुन्या खेळात नव्याने येणाऱ्याची स्थिती नांदत्या वाड्यात बिऱ्हाड थाटणाऱ्या भाडेकरूसारखी असते. शेजाऱ्यांची जुनी ओळख असते, रीतीभाती ठरून गेलेल्या असतात आणि त्या समजावून सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत नवखे खेळाडू एक तर कंटाळतात किंवा फसतात. हे दोन्ही टाळायचे तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. या खेळात सर्वांत मोलाची वस्तू तलवार नव्हे, चिलखत नव्हे, तर खेळाडूने खर्ची घातलेला वेळ ही आहे. खेळाची रचना, त्यातील बाजार आणि त्याभोवतीची फसवणूक या सर्वांचा उगम याच एका गोष्टीत आहे.

एका नावाचे दोन खेळ

पहिला गोंधळ नावापासून सुरू होतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये कंपनीने लढाईची पद्धत आमूलाग्र बदलली. अनेक जुन्या खेळाडूंना तो बदल रुचला नाही. तेव्हा ऑगस्ट २००७ मधील खेळाची जपून ठेवलेली प्रत पुन्हा सुरू करावी काय, असा प्रश्न फेब्रुवारी २०१३ मध्ये खेळाडूंपुढे ठेवण्यात आला. त्याला सुमारे साडेचार लाख मते पडली आणि ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ अवतरला. मूळ प्रवाहातील खेळ त्याच वर्षीपासून ‘रूनस्केप ३’ म्हणून ओळखला जातो.

एकाच खात्यावर आणि एकाच सदस्यत्वावर दोन्ही खेळ खेळता येतात. परंतु एकात कमावलेले दुसऱ्यात नेता येत नाही. म्हणून आरंभीच निवड करावी. जुन्या चेहऱ्यामोहऱ्याचा खेळ हवा असणारे बहुधा ‘ओल्ड स्कूल’कडे वळतात. पुढील माहिती त्यालाच अनुसरून आहे. हा खेळ २०१८ पासून मोबाइलवरही उपलब्ध आहे व संगणकावरील खाते तेथेही चालते.

‘जुना’ म्हणजे गोठलेला, असा समज मात्र करून घेऊ नये. महत्त्वाचा नवा भर घालण्यापूर्वी येथे खेळाडूंचे मतदान घेतले जाते. पूर्वी त्यासाठी ७५ टक्के अनुकूल मते लागत. २०२२ मध्ये ही मर्यादा ७० टक्क्यांवर आणण्यात आली. नौकानयन हे कौशल्य याच मार्गाने संमत होऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखल झाले.

कौशल्यांचे गणित

खेळात एकूण २४ कौशल्ये आहेत. लढाईखेरीज मासेमारी, लाकूडतोड, खाणकाम, स्वयंपाक, शेती, बांधकाम असे अनेक उद्योग त्यांत येतात. पैकी १५ कौशल्ये मोफत खेळणाऱ्यास खुली असून उरलेली पैसे भरून सदस्य होणाऱ्यांसाठी राखीव आहेत. खेळाच्या विशाल भूभागातील लहानसा भागच मोफत आहे; पण खेळ आपल्या प्रकृतीला मानवतो की नाही, हे ठरविण्यास तो पुरेसा आहे. सदस्यत्वाची घाई करू नये.

प्रत्येक कौशल्यात ९९ पायऱ्या असतात. दुसऱ्या पायरीसाठी अवघे ८३ अनुभवगुण लागतात, तर ९९व्या पायरीसाठी १ कोटी ३० लाख ३४ हजार ४३१. यातली गोम अशी, की ९२व्या पायरीवर पोहोचलेल्या खेळाडूचे गुण जेमतेम ६५ लाख १७ हजार असतात. म्हणजे शंभराच्या घरात आलो असे वाटत असताना प्रत्यक्षात तो निम्म्या वाटेवर उभा असतो. साधारण दर सात पायऱ्यांमागे लागणारे गुण दुप्पट होतात. हे गणित ठाऊक नसलेला नवखा पहिल्या दिवसाच्या वेगावरून पुढचा हिशेब बांधतो आणि निराश होतो. सर्व कौशल्यांत शिखर गाठणे हे हजारो तासांचे काम आहे. ते अनेकांनी केलेले नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेलेही नाही.

आधी मोहिमा, मग मजुरी

शिकाऊ बेटावरील धडे संपताच खेळाडू लम्ब्रिज या गावी येऊन पोहोचतो. तेथून सरळ कोंबड्या मारत बसणे किंवा झाडे तोडत राहणे, हा नवख्यांचा नेहमीचा क्रम. त्याऐवजी कथामोहिमा हाती घ्याव्यात. लम्ब्रिजच्या किल्ल्यातील आचाऱ्याला अंडे, दूध व पीठ आणून देण्याची मोहीम काही मिनिटांची आहे; पण तिच्यामुळे परिसराची ओळख होते.

काही मोहिमांचे बक्षीस तर कित्येक तासांची मजुरी वाचविते. सदस्यांसाठी असलेली ‘वॉटरफॉल क्वेस्ट’ ही नितांत अननुभवी खेळाडूसही पुरी करता येते आणि तिच्या शेवटी हल्ला व बळ ही दोन्ही कौशल्ये पहिल्या पायरीवरून थेट तिसाव्या पायरीवर जातात. मात्र वाटेत बलाढ्य शत्रू असल्याने वाचून-समजून जावे लागते. त्यासाठी खेळाचा अधिकृत विकी आहे. तो उघडून पाहणे ही लबाडी मानली जात नाही. जुनेजाणते खेळाडूही तो सर्रास वापरतात.

खेळाचा काळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यांत चालतो. प्रत्येक हालचाल पुढच्या ठोक्याला घडते. त्यामुळे दूरच्या सर्व्हरवर खेळणाऱ्यालाही नित्याच्या खेळात फारशी अडचण येत नाही. एखाद्या ठिकाणी गर्दी असल्यास दुसऱ्याच्या जागेवर घुसखोरी न करता सर्व्हर, म्हणजेच ‘वर्ल्ड’ बदलावे, हा येथील शिष्टाचार आहे.

बाजार आणि मृत्यू

व्हॅरॉक शहराजवळील ‘ग्रँड एक्स्चेंज’ ही या जगाची बाजारपेठ. तेथे मागणी व पुरवठ्यानुसार भाव चढतात-उतरतात. कोणतीही वस्तू कोणा अनोळखी खेळाडूला विकण्यापूर्वी येथील भाव पाहावा. अगदी नव्या मोफत खात्यांवर विक्रीची काही बंधने असतात. ती ठरावीक काळ खेळल्यावर उठतात.

सामान्य प्रदेशात मृत्यू आल्यास सर्वांत मौल्यवान तीन वस्तू खेळाडूपाशी राहतात आणि उरलेल्या थडग्यातून परत घेता येतात. ‘वाइल्डरनेस’ या उत्तरेकडील ओसाड मुलखात मात्र दुसरे खेळाडू हल्ला करू शकतात आणि गमावलेला ऐवज मारणाऱ्याच्या पदरी पडतो. तेथे जाताना जे गमावल्याचे दुःख होणार नाही तेवढेच अंगावर ठेवावे.

लबाडीचे जुने प्रकार

कोणी पैसे दुप्पट करून देतो म्हणतो. कोणी चिलखताला सोनेरी किनार लावून देण्याच्या बहाण्याने ते मागून घेतो. प्रत्यक्षात खेळात अशी सोयच नाही. कोणी मैत्री जोडून नवख्याला बोलत बोलत वाइल्डरनेसमध्ये नेतो, जेथे साथीदार दबा धरून बसलेले असतात. हे प्रकार वीस वर्षांचे जुने आहेत आणि केवळ नवखे येत राहतात म्हणून चालू आहेत. कंपनीचे कर्मचारी पासवर्ड विचारीत नाहीत. दुहेरी पडताळणी आणि बँकेचा चार आकडी गुप्त क्रमांक या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी सुरू कराव्यात. खेळ अथवा त्यास जोडलेले ‘रूनलाइट’ हे सॉफ्टवेअर अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे.

सोन्याची काळी बाजू

वेळ वाचविण्याचे सर्वांत मोठे आमिष म्हणजे खऱ्या पैशांनी खेळातील सोने विकत घेणे. नियमानुसार हा गुन्हा असून त्यापायी खाते कायमचे बंद होऊ शकते. हे सोने येते कोठून, हेही जाणून घ्यावे. त्यातील बरेचसे संगणकीय ‘बॉट’ अहोरात्र राबवून निर्माण केले जाते. ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीने एका मोहिमेत अशी सुमारे १५ लाख खाती बंद केली होती. काही सोन्यामागे माणसांचे श्रम असतात. व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था कोलमडली तेव्हा तेथील अनेकांनी खेळातील हिरव्या ड्रॅगनची शिकार करून मिळालेले सोने विकले व त्यावर घर चालविले.

या व्यापाराची झळ सर्वांना बसते. त्याला आळा घालण्यासाठी जानेवारी २००८ मध्ये कंपनीने खेळाडूंमधील मुक्त देवघेवच बंद केली. प्रामाणिक खेळाडूंना मित्राला भेट देणेही दुरापास्त झाले. ती बंदी फेब्रुवारी २०११ मध्ये उठली. ज्याला पैसे मोजायचेच आहेत, त्याच्यासाठी कंपनीचा ‘बाँड’ हा वैध मार्ग आहे. तो खऱ्या पैशांनी घेऊन खेळात विकता येतो किंवा १४ दिवसांच्या सदस्यत्वासाठी वापरता येतो. उलट, खेळातील सोने साठवून बाँड घेतल्यास खिशाला हातही लावावा लागत नाही.

तथापि, विकत घेतलेल्या श्रीमंतीने बहुतेकांचा खेळ लवकर संपतो, असा जुन्या खेळाडूंचा अनुभव आहे. २०१४ मध्ये आलेल्या ‘आयर्नमॅन’ प्रकारात तर कोणाशीही देवघेव करता येत नाही. सर्व काही स्वतःच मिळवावे लागते. तरीही हजारो खेळाडू आपखुषीने तो प्रकार निवडतात.

नवख्याने बसण्यापूर्वी त्या दिवशी काय करायचे ते ठरवावे : एक मोहीम, एखादे कौशल्य दोन पायऱ्या वर. तेवढे झाले की उठावे. विशेषतः विद्यार्थ्यांच्या पालकांनी हे पाहावे. या खेळात शेवटचे पान नाही, त्यामुळे थांबण्याची वेळ खेळ सांगत नाही. ती खेळणाऱ्यालाच ठरवावी लागते.