अळिंबीचं खाणं

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटानं धिंगरीच्या पिशव्यांत गव्हाचा कोंडा जरा सढळ हातानं घातला. पीक वाढेल असं वाटलं. पिशव्या तापल्या, हिरवी बुरशी धरली, निम्म्या उकिरड्यावर गेल्या. पैसे कर्जाचे होते. मग अळिंबीला लोकांनी आजवर काय काय खायला घातलं, ते वाचायला बसलो.

१९व्या शतकात पॅरिसच्या जुन्या दगडखाणींत बटण अळिंबी पिकायची ती घोड्याच्या लिदीवर. शहरात घोडे रग्गड. पुढे मोटारी आल्या, लीद मिळेना. १९३०च्या दशकात अमेरिकेत सिंडेन यांनी लिदीवाचून कंपोस्ट करून पाहिलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये पायझर यांनी कंपोस्टात जिप्सम घातलं. चिकट, गचगचीत कंपोस्ट त्यानं मोकळं होतं, आत हवा खेळते, कॅल्शियमही मिळतं. जिप्सम म्हणजे चुना नव्हे बरं का! चुन्यानं आंबटपणा मोडतो, जिप्समनं फारसा नाही. आम्हीही दोन्ही एकच समजत होतो.

आपली धिंगरी मूळची लाकडावरची. १९१७ साली जर्मनीत फाल्क यांनी ती झाडाच्या खुंटांवर वाढवली. १९६२मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी ती भाताच्या पेंढ्यावर घेतली. म्हणजे तिला साधं काड पुरतं. कोंड्यातलं नत्र थोडं असलं तर पीक वाढतं, जास्त झालं की हिरव्या बुरशीचंच फावतं.

यंदा पिशव्या नुसत्या सोयाबीनच्या काडाच्या भरल्यात. दोनच पिशव्यांत कोंडा आहे, तोही मोजून. त्यांना लाल दोरा बांधलाय.