किडनीजवळच्या नसा जाळून बीपी कमी करतात, हा प्रकार नेमका काय आहे?

बीपी वाढलं की चर्चा मीठ, वजन आणि टेन्शनची होते. किडनीपर्यंत जाणाऱ्या नसांचं नाव सहसा निघत नाही.

मागे कुत्रा लागला की छाती धडधडते, ती सिम्पथेटिक मज्जासंस्थेमुळे. हीच यंत्रणा रक्तवाहिन्या आवळते आणि किडनीलाही निरोप धाडते. मग किडनी रेनिन सोडते, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते आणि दाब चढतो. हाय बीपीच्या अनेक पेशंटमध्ये कुत्रा नसतानाही ही यंत्रणा जोरात चालू असते.

चांगल्या गोळ्या नव्हत्या तेव्हा, म्हणजे 1930 ते 1950 च्या दशकांत, सर्जन कण्याजवळच्या या नसा सरळ कापायचे. बीपी उतरायचं, पण उभं राहिलं की पेशंटला चक्कर यायची. गोळ्या आल्या आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली.

आता तीच कल्पना ‘रीनल डिनर्व्हेशन’ नावाने परतली आहे. जांघेतून कॅथेटर किडनीच्या धमनीत नेतात आणि रेडिओलहरी किंवा अल्ट्रासाऊंडच्या उष्णतेने धमनीभोवतीच्या नसा निकामी करतात. (बोलण्यात रक्तवाहिनीलाही ‘नस’च म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. इथे जळतात ते मज्जातंतू, रक्तवाहिनी नाही.)

सुरुवातीचे निकाल जबरदस्त होते. पण 2014 मध्ये 535 पेशंटच्या ट्रायलचा निकाल आला. यात काहींवर नुसतं प्रोसिजरचं नाटक केलं होतं, नसांना हातही लावला नव्हता. सहा महिन्यांनी खऱ्या प्रोसिजरवाल्यांचं वरचं बीपी सरासरी 14 ने उतरलं होतं, नाटकवाल्यांचं 12 ने! सगळा उत्साह मावळला.

पुढे कॅथेटर सुधारले, ट्रायल्स नव्याने झाल्या आणि नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा दोन उपकरणांना मंजुरी दिली. तरी ज्या ट्रायल्समध्ये फायदा दिसला, तिथेही तो नाटकी प्रोसिजरपेक्षा साधारण 5-6 अंकांचा होता. म्हणजे फार तर एका गोळीएवढा. कोणाला उपयोग होईल हे आधी सांगताही येत नाही. त्यामुळे ‘गोळ्यांपासून कायमची सुटका’ असे रील्स दिसले तर पुढे सरकवलेले बरे.

शिवाय काही गोळ्याही याच यंत्रणेला लगाम घालतात. बीटा ब्लॉकर हृदयापाशी, क्लोनिडीन थेट मेंदूत. क्लोनिडीन मनानेच अचानक बंद केली, तर बीपी पूर्वीपेक्षाही वर उसळू शकतं. बीटा ब्लॉकरही डॉक्टर हळूहळूच कमी करत आणतात.